माझारिनाद : पावणेचारशे वर्षांपूर्वीची पॅरिसची पत्रकं जमवताना

जुनेकागद | रविवार, रात्री ९:४०

माझे वडील सांगलीत एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. सुट्टीत मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसायचो. त्यामुळे आजही छापील कागद हातात आला की मी आधी मजकूर वाचत नाही, ठसा बघतो. खिळा झिजलेला आहे का, ओळ वाकली आहे का, शेवटच्या पानावर जागा कमी पडली म्हणून अक्षर बारीक केलंय का.

नोकरीमुळे गेली नऊ वर्षं फ्रान्समध्ये आहे. पॅरिसमध्ये झोर्झ ब्रासाँस नावाच्या बागेला लागून, पूर्वी जिथे घोड्यांचा बाजार भरायचा त्या छपरांखाली, शनिवार-रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. सहा वर्षांपूर्वी तिथे एका खोक्यात एक पातळ चोपडं सापडलं. पुठ्ठा नाही, कव्हर नाही. वर १६४९ साल रोमन आकड्यांत. ४५ युरो दिले आणि घरी आणलं. त्या दिवसापासून या पत्रकांनी मला धरून ठेवलंय. इथे जुने कागद सांभाळणारी बरीच मंडळी आहेत, म्हणून हा धागा.

माझारँ या मंत्र्यावर तुटून पडणाऱ्या या पत्रकांना माझारिनाद म्हणतात. मागची गोष्ट थोडक्यात अशी. १६४३ साली फ्रान्सचा राजा तेरावा लुई वारला तेव्हा गादीवर बसलेला चौदावा लुई पाच वर्षांचाही नव्हता. राज्य आईच्या, म्हणजे राणी आनच्या हाती, आणि सगळा कारभार कार्डिनल माझारँच्या. हा मूळचा इटलीचा. स्पेनशी लढाई चालू, खजिना रिकामा, करांवर कर. ऑगस्ट १६४८ मध्ये ब्रूसेल नावाच्या, सत्तरी ओलांडलेल्या आणि लोकांच्या लाडक्या न्यायाधीशाला पकडलं, आणि पॅरिसनं रस्त्यारस्त्यांवर साखळ्या ताणल्या, पिंपं रचून वाटा अडवल्या. ५ जानेवारी १६४९ च्या रात्री राणी बाळराजाला घेऊन गुपचूप शहराबाहेर सेंट-जर्मेनला गेली आणि कोंदेच्या राजपुत्रानं पॅरिसला वेढा दिला. हे यादवीचं प्रकरण १६५३ पर्यंत चाललं. त्याचं नाव फ्राँद. फ्राँद म्हणजे गोफण. पॅरिसची पोरं गोफणीनं दगड मारायची, त्यावरून पडलेलं नाव.

आणि या पाच वर्षांत छापखाने अक्षरशः सुटले. निम्म्याहून जास्त पत्रकं १६४९ आणि १६५२ या दोन वर्षांतली. सेलेस्तँ मोरो या अभ्यासकानं १८५० च्या सुमारास तीन खंडांत सूची केली, तेव्हाच चार हजारांवर शीर्षकं भरली. नंतरच्या पुरवण्या धरून आकडा पाच हजारांच्या पुढे जातो. पाँ-नफ पुलावर फेरीवाले ती ओरडून विकायचे.

माझं पहिलं पत्रक म्हणजे एका धर्मबंधूनं, म्हणजे मठातल्या संन्याशानं, सेंट-जर्मेनला कोंदेच्या राजपुत्राला लिहिलेलं पत्र, ‘माझारँच्या आयुष्याचं आणि वर्तनाचं सत्य’ सांगणारं. दुर्मीळ मुळीच नाही, त्या काळी पुन्हा पुन्हा छापलेलं. पण कागद उजेडाला धरला आणि मी कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. कागद चिंध्यांचा, हातानं गाळलेला, जाळीच्या तारांच्या रेघा त्यात आडव्या दिसतात. कारखान्याचं पाणचिन्ह बरोबर घडीत अडकलंय, अर्धं या पानात, अर्धं त्या पानात. म्हणजे एक मोठा ताव दोनदा दुमडून चार पानं, आठ बाजू. आपल्याकडे फर्मा म्हणतात तेच. बहुतेक माझारिनाद एक-दोन फर्म्यांचेच, कारण उद्याच्या सकाळी पुलावर माल हवा. चौथ्या बाजूला एक एन उलटा बसलाय, तो यू दिसतो. वडिलांनी तो लगेच चिमट्यानं उचलला असता.

पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात फिकट तपकिरी शाईत कुणीतरी लिहिलंय : २३, आणि पुढे ठिपका. त्या २३ बद्दल मला बरंच बोलायचंय, पण आधी कुणाला यात रस आहे का ते कळू दे.

पिंपळपान | रविवार, रात्री १०:१५

रस आहे, दादा, लिहा! एवढा राग कशाचा होता त्या माझारँवर? नुसते कर वाढवले म्हणून?

जुनेकागद | रविवार, रात्री ११:०२

कर हे मूळ, पण पत्रकांत त्याच्या भोवती सगळं येतं. तो परका आहे. जुगार खेळतो. फ्रान्सचा पैसा इटलीला पाठवतो. भाच्यांना इटलीहून आणून बड्या घरांत त्यांची लग्नं लावायला बघतो. १६४७ मध्ये राजवाड्यात ‘ऑर्फेओ’ हा इटालियन ऑपेरा झाला, त्याच्या खर्चाचा हिशेब लोक १६४९ मध्ये भाकरीच्या भावाशेजारी मांडतात. राणीचं आणि त्याचं नाव जोडणारी अश्लील पत्रकंही आहेत, आणि बाजारात आज सगळ्यात महाग तीच जातात.

मला मात्र भाषेसाठी वेगळीच आवडतात. ‘सेंट-ओं आणि मोंमोरांसीच्या दोन शेतकऱ्यांचं गोड संभाषण’ या नावाचे भाग १६४९ पासून निघाले. पॅरिसच्या वेशीवरची दोन खेडवळ माणसं राजकारणावर बोलतात, आणि छापलंय अगदी त्यांच्या उच्चारात. तिथल्या गावठी बोलीचा अभ्यास करणारे आजही ते वाचतात. मी ते मोठ्यानं वाचतो तेव्हाच कळतं, डोळ्यांनी वाचून निम्मं हातचं जातं.

रेवदंडा | सोमवार, सकाळी ७:३०

कोंदे राजाच्या बाजूचा ना? मग नंतर त्यालाच पकडलं असं कुठेतरी वाचलंय. आणि राजाची बाजू गप्प बसली होती का? त्यांनी काहीच छापलं नाही?

जुनेकागद | सोमवार, दुपारी १:२०

बरोबर वाचलंय तुम्ही. जानेवारी १६५० मध्ये राणीनं कोंदेलाच तुरुंगात टाकलं, १६५१ च्या सुरुवातीला सोडलं, आणि पुढे तो राजाविरुद्ध लढला. म्हणून पत्रकावरचं साल बघितल्याशिवाय कोण कुणाच्या बाजूचं हे ठरवू नये. १६४९ मध्ये ज्याला शिव्या, १६५२ मध्ये त्याचाच जयजयकार. द्युबोस्क-मोंतांद्रे हा १६५२ मध्ये कोंदेसाठी लिहायचा, त्याचं ‘ल प्वँ द लोवाल’ तर सरळ बंडाची हाक आहे.

राजाची बाजू गप्प नव्हती. ‘गझेत’ हे वृत्तपत्र १६३१ पासून चालवणारा रनोदो दरबाराबरोबर सेंट-जर्मेनला गेला आणि तिथल्या राजवाड्याच्या, संत्र्यांची झाडं ठेवायच्या घरात त्यानं छापखाना मांडला. त्याची मुलं पॅरिसमध्ये राहून विरुद्ध बाजूसाठी ‘कूरिए फ्रांसे’ काढत होती! फेब्रुवारी १६४९ मध्ये दरबारानं ‘ली ए फे’ म्हणजे ‘वाच आणि कर’ नावाचं पत्रक छापून वेढ्यातल्या पॅरिसमध्ये पाठवलं. शव्हालिए द ला व्हालेत रात्री ते रस्त्यात टाकत फिरताना पकडला गेला.

छापणाऱ्याच्या जिवावरही बेतायचं. जुलै १६४९ मध्ये क्लोद मोर्लो या मुद्रकाला राणीबद्दलच्या गलिच्छ कवितेसाठी फाशी सुनावली. फाशीकडे नेताना जमावानं त्याला हिसकावून सोडवलं. त्यात छापखान्यातले गडीही होते. कंपोझिटरच्या मुलाला हा प्रसंग विसरता येत नाही.

तिसरीघंटा | सोमवार, सायंकाळी ६:४५

नाटकवाल्यांच्या बाजूनं थोडी भर. ‘माझारिनाद’ हे नावच १६५१ च्या एका कवितेवरून पडलं आणि ती कविता स्कारोंची मानतात. हा स्कारों विनोदी लेखक, सांधे आखडून खुर्चीला जखडलेला. १६५२ मध्ये त्यानं फ्रांस्वाझ दोबिन्ये या तरुण, गरीब मुलीशी लग्न केलं. तीच पुढे मादाम द मँतनों, चौदाव्या लुईची दुसरी, गुप्तपणे लग्न केलेली बायको. ज्या राजाच्या मंत्र्याची अब्रू नवऱ्यानं काढली, त्याच राजाच्या घरी ती गेली.

सिरानो द बेर्झराकच्या नावावरही ‘राजमंत्री होरपळला’ अशा अर्थाचं १६४९ चं पत्रक सांगतात. पुढे त्यानंच फ्राँदवाल्यांविरुद्ध पत्र लिहिलं. नाटकातला लांब नाकाचा सिरानो सगळ्यांना माहीत, पण तो खराखुरा माणूस या गदारोळात लेखणी चालवत होता हे मला फार उशिरा कळलं.

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ८:१०

माहिती उत्तम आहे. पण मनातलं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्याकडे मोडी कागदांची बाडं वाळवी खातेय, आणि आपण फ्रेंचांच्या शिवीगाळीवर युरो घालतोय. त्यांचं ते सांभाळतीलच.

जुनेकागद | सोमवार, रात्री १०:३०

राग कसला, प्रश्न रास्त आहे. मोडी मला वाचता येत नाही. वाचता येणाऱ्यांनी तिकडे जावं, आणि जमेल तेवढी मदत मी करतो. पण मला जे वाचता येतं, जे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर खोक्यात पडलेलं असतं आणि फुटतं, ते मी उचलणार. ‘ते सांभाळतीलच’ हे मात्र खरं नाही, आणि २३ ची गोष्ट तिथेच आहे.

त्या वेळी ही पत्रकं विकत घेणारे बरेच लोक ती फेकत नसत. वर्षाअखेरीस वीस, तीस, चाळीस एकत्र शिवून घेत आणि चामड्यात बांधत. अशा बाडातल्या प्रत्येक पत्रकावर मालक कोपऱ्यात आकडा टाकायचा आणि पुढच्या कोऱ्या पानावर यादी लिहायचा. खुद्द कार्डिनल द रेत्स, जो फ्राँदचा म्होरक्या आणि स्वतः पत्रकं लिहिणारा, आठवणींमध्ये लिहितो की यादवीत निघालेल्या पत्रकांचे साठाहून जास्त खंड होतात आणि त्यात वाचण्यालायक शंभर पानंही नाहीत. त्याच्याही डोळ्यांसमोर बांधलेले खंडच होते.

आता अशी बाडं विक्रेत्यांच्या हाती येतात आणि सुऱ्या चालतात. अख्खा खंड विकला तर एक गिऱ्हाईक. फोडला तर तीस. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या ऑनलाइन यादीत मला ‘दोन शेतकऱ्यांचं संभाषण’ दिसलं. फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात तपकिरी शाईत २४, पुढे ठिपका. दोनची शेपटी तशीच खाली वळून वेटोळं घेतलेली. लगेच लिहिलं, बाकीचं जे असेल ते सगळं मला द्या. उत्तर आलं की बाड केव्हाच सुटं करून विकलं, यादीचं पान फाटकं होतं म्हणून टाकून दिलं. ते टाकलेलं पान अजून मनातून जात नाही.

मी २४ घेतलं. दोन्ही शेजारी ठेवली. खालच्या समासात, घडीपासून दोन बोटांवर, कसरीचं छिद्र आहे. २३ मध्ये बाजरीच्या दाण्याएवढं, २४ मध्ये मोहरीपेक्षा लहान. एकच अळी दोन्हींतून आरपार गेली होती. म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं ही दोन एकमेकांना चिकटून होती, आणि आत्ता आत्ता वेगळी झाली.

पिंपळपान | सोमवार, रात्री १०:५५

अंगावर काटा आला.

करवीर | मंगळवार, सकाळी ९:००

दादा, दुसरी बाजू मांडतो. बाड फुटलं नसतं तर तुमच्या हाती ४५ युरोत काही आलं असतं का? अख्खा खंड परवडणारी माणसं वेगळी. सुटी विकली जातात म्हणून आपल्यासारख्यांच्या घरी एखादं येतं. आणि मजकुराची प्रत तर ग्रंथालयात आहेच.

जुनेकागद | मंगळवार, दुपारी २:०५

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी स्वतः त्याचा लाभ घेतलाय. आधीच सुटी झालेली आहेत तीच एवढी आहेत की नव्यानं एकही बाड फोडायची गरज नाही. १६४९ ची साधी पत्रकं शांतपणे शोधली तर परवडतात.

मजकूर ग्रंथालयात आहे हेही खरं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर ढीगभर फुकट वाचता येतात, मोरोची सूचीसुद्धा. पण बाड म्हणजे मजकूर नव्हे. ज्यानं २३ आणि २४ आकडे टाकले त्यानं ती विषयवार लावली नव्हती. एक धर्मबंधूचं गंभीर पत्र, त्याला लागून दोन शेतकऱ्यांची गावठी बडबड. जशी हाती आली तशी ठेवली. वेढा पडलेल्या शहरात, भाकरी महाग झालेली असताना, एका माणसानं आज काय वाचलं आणि उद्या काय वाचलं याची ती रोजनिशी आहे. त्यानं स्वतः एक शब्दही लिहिलेला नाही, फक्त आकडे. आकड्यांचा क्रम मोडला की तो माणूस गेला. मजकुराच्या दुसऱ्या प्रती मिळतील, हा वाचक पुन्हा मिळणार नाही.

आणि छापलेलं पुसायला बघणारे तेव्हाही होते. १६६८ मध्ये चौदाव्या लुईनं पॅरिसच्या न्यायपीठाच्या नोंदवह्यांतून फ्राँदच्या वर्षांची पानं काढायला लावली. लोकांच्या घरातली बाडं मात्र राहिली.

नोंदवही | मंगळवार, सायंकाळी ५:५०

मी ग्रंथालयात काम करते म्हणून गाब्रिएल नोदेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा माझारँचा ग्रंथपाल. त्यानं मालकासाठी युरोपभर फिरून सुमारे चाळीस हजार ग्रंथ जमवले आणि ते अभ्यासकांना खुले केले. फ्राँद पेटल्यावर या माणसानं मालकाला शिव्या देणारी पत्रकं गोळा करून, वाचून, त्यांच्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात एक मुद्रक आणि एक पुस्तकविक्रेता बसून बोलतात, कुठलं पत्रक चांगलं लिहिलंय, कुठलं खोटं. मुद्रकाच्या नावावरून त्याला ‘मास्क्युरा’ म्हणतात. पहिली आवृत्ती ४९२ पानांची, दुसरी वाढून ७१८.

डिसेंबर १६५१ मध्ये न्यायपीठानं माझारँच्या डोक्यावर दीड लाख लिव्हरचं (लिव्हर हे तेव्हाचं फ्रेंच चलन) बक्षीस लावलं आणि ते पैसे उभे करायला त्याचं ग्रंथालय विकायचं ठरवलं. नोदेनं विनवणी छापली, विक्री थांबवा म्हणून. थांबली नाही. १६५२ च्या सुरुवातीला डोळ्यांदेखत लिलाव झाला. वैद्यकाची पुस्तकं त्यानं स्वतःच्या पैशानं विकत घेतली, निदान तेवढा भाग एकत्र राहावा म्हणून. मग तो स्वीडनला राणी क्रिस्तिनाकडे गेला. माझारँ पुन्हा सत्तेवर आला तसा ग्रंथालय पुन्हा उभं करायला परत निघाला, आणि जुलै १६५३ मध्ये वाटेत आबव्हिल गावी वारला.

ते ग्रंथालय पुन्हा उभं राहिलं. आज पॅरिसमधलं बिब्लियोतेक माझारीन ते हेच, आणि माझारँविरुद्धच्या पत्रकांचा जगातल्या सर्वात मोठ्या संग्रहांपैकी एक तिथेच आहे. तोक्यो विद्यापीठाकडेही सुमारे २,७०० पत्रकं आहेत, आणि जपानी अभ्यासकांनी ती सगळ्यांना वाचता यावीत म्हणून मोठं काम केलंय. सदाशिवपेठी यांच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

सदाशिवपेठी | मंगळवार, सायंकाळी ७:१५

ताई, नोदेची गोष्ट माहीत नव्हती. माझा आक्षेप मागे घेतो. जुनेकागद, लिहीत राहा.

दोराखळ | मंगळवार, रात्री ९:२०

मी पुण्यात बाइंडिंगचं काम करतो, जुन्या पोथ्या आणि वह्या जास्त. दादा, ती दोन पत्रकं कशात ठेवलीत? लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर जवळही आणू नका. चिंध्यांचा कागद आजच्या वर्तमानपत्रापेक्षा कितीतरी टिकाऊ, त्याला फक्त त्रास देऊ नये. आम्लरहित कागदाचं पाकीट करा, आडवं ठेवा, उन्हापासून आणि ओलीपासून लांब. घडीत फाटलं असेल तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी कागदाची पट्टी, बस. छिद्र बुजवू नका! तो तुमचा पुरावा आहे.

आणि एक बघा. पाठीच्या कडेला शिवणीची भोकं असतील. फेरीवाल्याकडून घेतलं तेव्हाची टाच वेगळी, बाडात बांधताना मारलेली वेगळी. दोन्ही पत्रकांतली भोकं एकावर एक धरा. वरची कड बाइंडरनं कापताना तिरकी गेली असेल तर तीही जुळेल. दोन बाडांचं कटिंग कधी हुबेहूब सारखं येत नाही, हाताचं काम आहे.

जुनेकागद | मंगळवार, रात्री ११:४०

दोराखळ काका, आत्ताच दिव्याशी धरून बघितलं. भोकांचे दोन संच आहेत. दोन भोकं दोन्ही पत्रकांत वेगवेगळ्या जागी, आणि तीन अगदी एकावर एक. वरची कड डावीकडून उजवीकडे जेमतेम एक मिलिमीटर उतरते, दोन्हींत. तुमच्याशिवाय हे मला सुचलं नसतं.

आता मला २२ आणि २५ शोधायची आहेत. युरोपात, कॅनडात, अमेरिकेत जे कोणी जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातात त्यांना विनंती. सालं १६४९. उजव्या वरच्या कोपऱ्यात तपकिरी आकडा, उंची नखाच्या अर्ध्याएवढी, पुढे ठिपका. दोनची शेपटी वेटोळ्याची. २२ असेल तर खालच्या समासात छिद्र बाजरीपेक्षा मोठं असणार. विकत घ्यायचं नाही, नुसतं कळवा.

उत्तरायण | बुधवार, सकाळी ६:१०

मी ब्रुसेल्सला असते. आमच्या घराजवळच्या दुकानात एका फायलीत अशी तीन-चार पत्रकं आहेत, मागच्या महिन्यात चाळली होती. एकावर २५ होतं हे नक्की आठवतं, कारण माझ्या मुलाचा हजेरी क्रमांक तोच. छिद्र मात्र काही दिसलं नव्हतं.

जुनेकागद | बुधवार, सकाळी ६:२५

ताई, २४ मध्ये ते मोहरीपेक्षा लहान आहे, आणि शेवटच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढंच उरलंय. २५ च्या पहिल्या पानाला अळीनं नुसतं खरवडून सोडलं असेल. आरपार नसेल, खड्डा असेल.

उत्तरायण | बुधवार, सकाळी ६:४०

दुकान शनिवारी अकराला उघडतं. कागद तिरक्या उजेडात धरून घडीपासून दोन बोटांवर बघते. पट्टीही घेऊन जाते, वरची कड उतरते का ते मोजायला. आणि ठिपका.